व्हिनाइल मुद्रण व कर्तन

व्हिनाइल मुद्रण व कर्तन म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड (पीव्हीसी) या प्लॅस्टिकच्या पातळ, एका बाजूस गोंद असलेल्या पटलावर अक्षरे व चित्रे छापण्याची आणि संगणकाच्या आज्ञेने फिरणाऱ्या पात्याने ती कापण्याची प्रक्रिया होय. दुकानांच्या पाट्या, वाहनांवरील नावे, काचेवरील अक्षरे, यंत्रांवरील सूचना आणि स्टिकर यांसाठी ती वापरली जाते. महाराष्ट्रात या कामाला बोलीभाषेत ‘रेडियमचे काम’ किंवा ‘रेडियम कटिंग’ म्हणतात. प्रत्यक्षात या पटलात रेडियम हे मूलद्रव्य मुळीच नसते. तयार काम किती टिकेल हे यंत्राच्या किमतीपेक्षा पटलाची निवड, शाई वाळण्यास दिलेला वेळ, पात्याची खोली आणि पृष्ठभागाची स्वच्छता यांवर अधिक अवलंबून असते.

पटलाची निवड

व्हिनाइल पटलाचे दोन मुख्य प्रकार आहेत. तापलेल्या रुळांमधून दाबून तयार केलेल्या पटलास कॅलेंडर्ड, तर द्रवरूप मिश्रण पसरवून व वाळवून तयार केलेल्या पटलास कास्ट व्हिनाइल म्हणतात. कॅलेंडर्ड पटल साधारणतः ७० ते १०० मायक्रॉन जाड असते. तयार होताना ते ताणले जात असल्यामुळे उन्हात कालांतराने आकसते. कडेला गोंदाची रेघ उघडी पडते आणि तिच्यावर धूळ बसते. सपाट पाट्या व अल्पकाळाच्या जाहिराती यांसाठी ते पुरेसे असते. कास्ट पटल सुमारे ५० मायक्रॉन जाड असून फारसे आकसत नाही. त्यामुळे वाहनांचे वक्र भाग व खाचा यांवर तेच वापरतात. त्याची किंमत मात्र बरीच अधिक असते.

छपाईवर संरक्षक लॅमिनेशन चढवायचे असल्यास तेही मूळ पटलाच्याच जातीचे असावे लागते. कास्ट पटलावर कॅलेंडर्ड लॅमिनेशन चढवल्यास वरचा थर आकसतो, खालचा आकसत नाही, आणि स्टिकरच्या कडा वर वळतात.

देवनागरी अक्षरांची पूर्वतयारी

कापणारे यंत्र, म्हणजे प्लॉटर, अक्षर वाचत नाही. ते केवळ आकृतीच्या बाह्यरेषेवरून पाते फिरवते. रोमन लिपीतील छापील अक्षरे सुटी असल्यामुळे त्यात अडचण येत नाही. देवनागरीत मात्र शब्दातील अक्षरे शिरोरेषेने जोडलेली असतात. संगणकाच्या टंकात प्रत्येक अक्षर व मात्रा ही स्वतंत्र आकृती असून तिची शिरोरेषा शेजारच्या आकृतीवर किंचित चढलेली असते. पडद्यावर शब्द अखंड दिसतो, पण प्लॉटर प्रत्येक आकृती वेगळी कापतो. परिणामी शिरोरेषेवर जागोजागी आडवे छेद जातात आणि सोलताना शब्दाचे तुकडे पडतात.

हे टाळण्यासाठी मजकूर प्रथम तपासून घ्यावा, नंतर त्याचे वक्ररेषांत रूपांतर करावे आणि ‘वेल्ड’ किंवा ‘युनियन’ या आज्ञेने सर्व आकृत्या एकत्र जोडाव्यात. त्यानंतर रंग काढून केवळ बाह्यरेषा पाहाव्यात. शिरोरेषेच्या आत एकही रेघ उरली नसेल तरच शब्द कापण्यास योग्य समजावा. रूपांतरानंतर शुद्धलेखन दुरुस्त करणे अवघड असते, म्हणून तपासणी आधीच व्हावी लागते. जुन्या संगणकप्रणालींत युनिकोड मजकूर घेताना पहिली वेलांटी किंवा रफार जागा सोडतो, याकडेही लक्ष द्यावे लागते.

अनुस्वार हा सर्वांत नाजूक भाग होय. टिंबाच्या मागे गोंदाचे क्षेत्र थोडे असल्यामुळे जादा पटलाबरोबर ते सहज निघून जाते, आणि एक टिंब गळाल्याने ‘चिंता’ची ‘चिता’ होते. लहान आकाराच्या मजकुरासाठी ठसठशीत टिंबे असलेला जाड टंक निवडणे हिताचे असते. अक्षरे फारच लहान असतील, तर ती सुटी न कापता पटलावर छापून एकसंध पट्टी लावली जाते.

छपाई

छपाईसाठी चित्र निळसर, किरमिजी, पिवळा व काळा या चार शाईरंगांत तयार करतात. दुरून पाहण्याच्या मोठ्या चित्रास दर इंचाला १०० ते १५० बिंदू पुरतात. हातात घेण्याच्या स्टिकरसाठी ३०० बिंदू ठेवतात. कापण्याच्या रेषेबाहेर २ ते ३ मिलिमीटर रंग वाढवून ठेवल्यास पाते किंचित सरकले तरी पांढरी कड दिसत नाही.

सॉल्व्हंट व इको-सॉल्व्हंट शाईतील द्रावक पटलात मुरतो. तो उडून जाण्यासाठी छापील पटल किमान २४ तास मोकळे किंवा सैल गुंडाळून ठेवावे लागते. घाई करून लॅमिनेशन केल्यास अडकलेला द्रावक गोंद मऊ करतो. पुढे बुडबुडे येतात व कडा सुटतात. लॅटेक्स शाई यंत्रातील उष्णतेने वाळत असल्यामुळे तिला इतका वेळ लागत नाही.

कर्तन

पटल कापले जाईल पण मागचा कागद कापला जाणार नाही, इतकीच खोली ठेवण्याच्या पद्धतीस ‘किस कट’ म्हणतात. सामान्य पटलासाठी ४५ अंशांचे, तर जाड किंवा लॅमिनेशन केलेल्या पटलासाठी ६० अंशांचे पाते वापरतात. प्रत्येक नव्या गुंडाळीवर आधी एक लहान चौकोन कापून पाहावा. तो सहज सोलला गेला आणि मागच्या कागदावर केवळ पुसट रेघ उमटली, तर खोली योग्य असते. कोपरे न सुटणे हे बहुधा पाते बोथट झाल्याचे लक्षण असते. अशा वेळी दाब वाढवत जाण्यापेक्षा पाते बदलणे योग्य. छापील चित्राच्या कडेने कापण्यासाठी चित्राबरोबर खुणा छापतात, आणि प्लॉटरवरील संवेदक त्या ओळखून पात्याची जागा ठरवतो. लॅमिनेशन करायचे असल्यास ते कापण्यापूर्वी केले जाते.

सोलणे व चिकटवणे

कापल्यानंतर अक्षरांभोवतीचे जादा पटल कागदाशी लहान कोन ठेवून, मागे दुमडत सावकाश सोलतात. उरलेल्या अक्षरांवर ट्रान्सफर टेप लावून ती एकत्र उचलली जातात. पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने व नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडा करावा. ताज्या तैलरंगावर किंवा मेणाच्या थरावर गोंद धरत नाही. काचेवर मोठे पटल लावताना साबणाचे पाणी फवारल्यास ते सरकवून जागेवर आणता येते. स्क्वीजी नेहमी मध्यापासून कडेकडे फिरवावी. काचेच्या आतून लावून बाहेरून वाचायची अक्षरे उलटी, आरशातल्यासारखी कापली जातात.

सुरक्षितता

पीव्हीसी लेझर यंत्राने कधीही कापू नये. उष्णतेने त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू बाहेर पडतो. तो फुप्फुसांना अपायकारक असून यंत्रही गंजवतो. पटलाचे कपटे जाळणेही याच कारणाने धोकादायक आहे. त्या धुरात डायऑक्सिन ही विषारी संयुगेही तयार होऊ शकतात. सॉल्व्हंट शाई वापरली जाते त्या खोलीत हवा खेळती असावी लागते.

महाराष्ट्रातील कायदेशीर संदर्भ

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही देवनागरी लिपीतील मराठी नामफलक बंधनकारक झाला. फलकावर अन्य लिपीही वापरता येते. मात्र मराठी अक्षरे तिच्यापेक्षा लहान असून चालत नाहीत. वाहनांच्या नोंदणीपाटीस वेगळा नियम लागू होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तेथे रोमन अक्षरे व आंतरराष्ट्रीय अंकच ग्राह्य असल्यामुळे देवनागरी अंकांचे स्टिकर नोंदणीपाटीवर वैध ठरत नाहीत.