माठातला न्यूट्रॉन

रोममध्ये पानिस्पेर्ना रस्त्यावरच्या भौतिकशास्त्र संस्थेत, 1934 च्या ऑक्टोबरात, चांदी अशी का वागते हे कुणालाच कळेना. चांदीचं एक छोटं पोकळ नळकांडं आणि त्याच्या आत न्यूट्रॉन सोडणारी काचेची नळी, एवढीच मांडणी. ती लाकडी टेबलावर ठेवली की चांदी चांगलीच किरणोत्सारी व्हायची, संगमरवरावर ठेवली की कमी. चांदी तीच, नळी तीच, फरक फक्त टेबलाचा. एदोआर्दो आमाल्दी आणि ब्रुनो पोन्तेकोर्वो या दोन तरुणांनी पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं. मोजणीतच काही चुकतंय, अशी शंका सहकाऱ्यांनी घेतली. पण आकडे हटेनात.

22 ऑक्टोबरच्या सकाळी या गटाचे प्रमुख एन्रिको फर्मी नळी आणि चांदीच्या मध्ये शिशाचा तुकडा ठेवणार होते. तो त्यांनी मोठ्या निगुतीने घडवून घेतला होता. तरी ठेवायला हात धजेना. काहीतरी सबबी काढून ते टाळत राहिले आणि शेवटी एकदम ठरवलं: शिसं नको, मेण. मेणबत्तीचं असतं तसलं साधं पॅराफिन. असं करण्यामागे आधी कसलाही विचार नव्हता, असं त्यांनी पुढे आपल्या खगोलभौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखरांना सांगितलं. मला या शोधातला हा क्षण सगळ्यात मोलाचा वाटतो. हात आधी मेणाकडे गेला, कारण मागून सापडलं.

मेण ठेवल्यावर किरणोत्सार टिपणाऱ्या गणकाची टकटक अशी काही वाढली की मोजणाऱ्यांना ते खरंच वाटेना. काही धातूंच्या बाबतीत किरणोत्सार शंभरपटीपर्यंत चढला होता. सगळे दुपारी जेवायला घरी गेले आणि परत येईपर्यंत फर्मींकडे उत्तर तयार होतं.

हे उत्तर गोट्या खेळलेल्या कुणालाही पटेल. गोटी वरवंट्यावर आपटली तर जवळपास तेवढ्याच वेगाने उलटते. तीच तिच्याएवढ्या दुसऱ्या गोटीवर नेमकी बसली, तर पहिली जागीच थांबते आणि दुसरी धावते. शिशाचं अणुकेंद्र म्हणजे वरवंटा. हायड्रोजनचं केंद्र मात्र न्यूट्रॉनच्याच वजनाचं, आणि मेणात, लाकडात, पाण्यात हायड्रोजन ठासून भरलेला. वीसेक टकरांत न्यूट्रॉनची सगळी मस्ती उतरते. वेगवान न्यूट्रॉनच अणुकेंद्रावर जास्त परिणाम करणार, असं तोवर सगळे धरून चालले होते. घडत होतं ते उलटंच. हळू चालणारा न्यूट्रॉन केंद्राजवळ जास्त वेळ रेंगाळतो आणि म्हणून पकडला जातो.

पण हळू म्हणजे किती हळू? टकरा खाऊन न्यूट्रॉन थांबत का नाही? कारण मेणातले अणू स्वतःच स्वस्थ नसतात. ते थरथरत असतात, आणि त्या थरथरीलाच आपण उष्णता म्हणतो. न्यूट्रॉनचा वेग त्यांच्या पातळीला आला की तो जितकं देतो तितकंच परत घेतो. म्हणजे तो भोवतालचं तापमान अंगी लावून घेतो. हे खरं असेल तर मेण गार केल्यावर न्यूट्रॉन आणखी मंदावले पाहिजेत. 1935 मध्ये मून आणि टिलमन या दोन इंग्रज संशोधकांनी मेण द्रवरूप वायूने गोठवून पाहिलं. किरणोत्सार वाढला! ज्याला विद्युतभार नाही, ज्याला डोळ्यांनी पाहता येत नाही, त्या कणाचं तापमान माणसाने पहिल्यांदा असं ताडलं.

आपल्याकडे ही गोष्ट तुर्भ्याला येऊन पोचली. 4 ऑगस्ट 1956 रोजी तिथे 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली. रोममध्ये मेणाने केलं ते काम इथे हौदातलं पाणी करत होतं. पाणी तापलं की विरळ होतं, न्यूट्रॉन पुरेसे मंदावत नाहीत आणि मंद न्यूट्रॉनांच्या जोरावर चालणारं अणुभंजन आपोआप उतरतं. या भट्टीचा लगाम तापमानाच्याही हातात होता. त्याच सुमारास तुर्भ्याचे पी. के. अय्यंगार कॅनडात बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्याबरोबर जर्मेनियमच्या स्फटिकावर मंद न्यूट्रॉन सोडत होते. स्फटिकातून बाहेर पडताना न्यूट्रॉनचा वेग किती बदलला, यावरून आतले अणू कसे थरथरतात ते वाचता येत होतं. पाण्याकडून उष्णता शिकलेला कण आता दुसऱ्याची उष्णता सांगू लागला. ब्रॉकहाउस यांना या पद्धतीसाठी 1994 मध्ये नोबेल मिळालं. अय्यंगारांनी ती विद्या तुर्भ्याला आणून रुजवली.

मी सोलापूरचा. मे महिन्यात इथे पारा 43 अंशांवर जातो तेव्हा मी न्यूट्रॉनच्या वेगाचा हिशेब करायला कागद घेऊन बसतो. 20 अंशांना मंद न्यूट्रॉनचा वेग सेकंदाला 2200 मीटर धरतात. आमच्या दुपारच्या उन्हात तो 2285 भरतो. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे हवेत न्यूट्रॉन सतत तयार होत असतात आणि त्यातला एखादा स्वयंपाकघरातल्या माठातही शिरतो. माठातलं पाणी 28 अंशांचं असेल तर त्याचा वेग 2230 वर येतो. सेकंदाच्या काही दशसहस्रांश भागापुरता तो त्या पाण्याइतकाच गार होऊन तिथे भटकतो. मग हायड्रोजनचं एखादं केंद्र त्याला पोटात घेतं आणि एक गॅमा किरण मातीची भिंत भेदून बाहेर पडतो.