कॅटरलाइनचा किनारा

समुद्रकिनाऱ्याचे निसर्गचित्र म्हटले की निळे पाणी, शिडाची होडी आणि मावळता सूर्य एवढे पुरे, असा एक समज रूढ आहे. जोन अर्डली (१९२१-१९६३) यांचे ‘हिवाळ्यातील कॅटरलाइन’ हे १९६३ च्या सुमाराचे तैलचित्र या समजात कोठेच बसत नाही.

कॅटरलाइन हे स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, स्टोनहेवनच्या दक्षिणेस, कड्यावर वसलेले मच्छीमारांचे लहानसे खेडे. कड्याच्या काठाने बैठ्या घरांची रांग, खाली छोटा धक्का आणि समोर उत्तर समुद्र, पसारा एवढाच. चित्रात हिमाने माखलेला उतार आहे, त्यावर घरांची ती रांग जेमतेम तोल सावरून उभी आहे. रंग राखाडी, पांढरे, मातकट. नयनरम्य म्हणावे असे यात काही नाही. तरीही पाहणारा खिळून राहतो, कारण तेथील थंडी आणि शांतता या दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात.

हा खरेपणा आला कोठून? ग्लासगोच्या दाट वस्तीतील मुलांची चित्रे काढणाऱ्या अर्डली १९५० नंतर या गावी येऊ लागल्या आणि पुढे येथेच रमल्या. घरात वीज नव्हती, नळ नव्हता. वादळाची वर्दी मिळाली की त्या ग्लासगोहून तातडीने निघत आणि किनाऱ्यावर उघड्यावरच चित्र रंगवीत. वाऱ्याने फलक उडू नये म्हणून तो दोर व दगड यांनी जखडून ठेवावा लागे. ‘लाट’ या १९६१ च्या चित्रात रंगाबरोबर वाळूचे खरखरीत कणही आहेत. शेतांच्या काही चित्रांत तर गवताचे खरे तुरे रंगात रुतलेले आढळतात.

नव्या देखाव्यांसाठी दूरदूर भटकण्याची गरज त्यांना भासली नाही. एखादी जागा जितकी अधिक परिचयाची व्हावी, तितके तेथे रंगविण्याजोगे अधिक सापडते, असे त्यांचे मत होते. निसर्गचित्रणाचा तास वर्षातून एकदा सहलीच्या दिवशी उरकणाऱ्या शाळांनी या मताचा विचार करण्यास हरकत नाही.

१९६३ साली रॉयल स्कॉटिश अकादमीने त्यांना पूर्ण सदस्यत्व दिले. त्याच वर्षी १६ ऑगस्ट रोजी, वयाच्या ४२ व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. हे चित्र आज स्कॉटलंडच्या राष्ट्रीय कलासंग्रहात आहे. अर्डली यांची रक्षा कॅटरलाइनच्या किनाऱ्यावर विसर्जित करण्यात आली.