गायकाच्या ‘सा’साठी उतरणारी तार
प्रतिनिधी, नांदेड

एप्रिल उजाडला की नांदेड जिल्ह्यात कार्यक्रमांचा हंगाम सुरू होतो. १४ एप्रिलची डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती आणि तिच्या आगेमागे लग्नसराई. केळीच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या अर्धापूरसारख्या तालुक्याच्या गावीही भीमगीतांचे आणि चित्रपटगीतांचे ऑर्केस्ट्रा रंगतात. गायकांना लागोपाठ अनेक रात्री गावे लागते. अशा वेळी मूळ ध्वनिमुद्रणातील पट्टीचा हट्ट गळ्याला महागात पडतो आणि पट्टी खाली घेणे भाग पडते. कीबोर्डवादकाचे काम एका बटणावर भागते. बास गिटारवादकापुढे मात्र अडचण उभी राहते. त्याच्या वाद्याला एक तळ असतो आणि गायकाचा ‘सा’ अनेकदा त्या तळाच्याही खाली असतो. ही अडचण दूर करण्याचा मार्ग म्हणजे तारा नेहमीपेक्षा खालच्या स्वरांत जुळवणे.

तळाचा स्वर कोणता?

बास गिटारच्या चार तारा खालून वर ई, ए, डी, जी अशा जुळवतात. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचे तर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. सर्वांत जाड तारेची आंदोलने सेकंदाला सुमारे ४१ असतात. पुरुष गायक साधारणपणे काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये गातात. गायक पांढरी दोनचा असेल, तर या जुळणीत उघड्या तारा रे, प, सा, म अशा बोलतात. म्हणजे सर्वांत खालचा स्वर ‘रे’ ठरतो. ओळ संपताना ज्या ‘सा’वर विसावायचे, तो खर्जात मिळतच नाही. वादकाला वरच्या सप्तकातील ‘सा’ गाठावा लागतो आणि गाण्याखालची जमीन सरकल्यासारखी वाटते. काळी चार किंवा काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकांच्या साथीला ही अडचण येत नाही. त्यांचा ‘सा’ त्याच जाड तारेवर चौथ्या किंवा सहाव्या पडद्यावर सापडतो.

पहिल्या उदाहरणात उपाय सोपा आहे. फक्त जाड तार एका पूर्ण स्वराने उतरवायची. तिची आंदोलने सुमारे ३७ वर येतात आणि उघड्या तारा सा, प, सा, म अशा बोलू लागतात. पाश्चात्त्य वादक या जुळणीला ‘ड्रॉप डी’ म्हणतात. जाड तार आणि तिसरी तार यांच्यात आता नेमके एका सप्तकाचे अंतर असते. दोन्ही एकत्र छेडल्या की जुळणी साधली की नाही, हे कानालाच कळते. मात्र जाड तारेवरचा प्रत्येक स्वर आता दोन पडदे पुढे सरकलेला असतो, याचे भान वादकाला ठेवावे लागते. गायक काळी एकचा असेल, तर आधी चारही तारा अर्ध्या स्वराने उतरवून मग जाड तार आणखी एक स्वर खाली घ्यावी लागते.

तानपुऱ्याचा धडा

गाण्यानुसार जुळणी बदलणे आपल्याला नवे नाही. तानपुऱ्याची पहिली तार एरवी पंचमात असते. रागात पंचम नसेल तर ती मध्यमात किंवा निषादात लावतात. तानपुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या आणि २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेत पुरुषांच्या आवाजासाठी लांब दांडीचे, मोठ्या भोपळ्याचे तानपुरे घडवतात. खालच्या स्वरासाठी तार केवळ सैल करून भागत नाही. ती जाडही असावी लागते, हा त्यातला धडा आहे.

यामागे साधे गणित आहे. तारेची लांबी आणि जाडी तीच ठेवली, तर तिच्यावरील ताण आंदोलनांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. एक स्वर उतरवला की ताण सुमारे एक पंचमांशाने कमी होतो आणि दोन स्वर उतरवले की एक तृतीयांशाहून अधिक. सैल तार पडद्यांवर आपटते, करकरते आणि जोरात छेडल्यास क्षणभर चढी बोलते. तानपुऱ्यात जवारीचा झंकार हवाहवासा असतो. बास गिटारमध्ये ही करकर दोष ठरते. म्हणून एका स्वरापर्यंत नेहमीची तार चालू शकते, त्याहून खाली जायचे तर जाड तार लावणे उत्तम. पाच तारांच्या संचातील खालच्या चार तारा बी, ई, ए, डी अशा चढवण्याची पद्धतही रूढ आहे. त्यासाठी मानेच्या टोकाच्या पट्टीवरील खाचा रुंद कराव्या लागतात. ताण बदलला की मानेचा बाकही बदलतो. मानेच्या आतील लोखंडी सळई थोडी थोडी फिरवून तो दुरुस्त करता येतो. मात्र हे काम जाणकाराच्या हातून झालेले बरे.

अपघातातून आलेला सूर

खालच्या जुळणीची सर्वांत प्रसिद्ध कथा इंग्लंडमधील बर्मिंगहॅमची आहे. तेथील एका कारखान्यात १९६५ साली झालेल्या अपघातात गिटारवादक टोनी आयोमी यांनी दोन बोटांची टोके गमावली. बोटांना त्रास कमी व्हावा म्हणून त्यांनी तारा सैल केल्या. त्यांच्या ‘ब्लॅक सबाथ’ या वाद्यवृंदाच्या १९७१ सालच्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या संग्रहातील काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वरांनी खाली आहे आणि गीझर बटलर यांची बासही तितकीच खाली उतरली आहे. ही जाड तार येते ती नेमकी काळी एकवर! जगभरातील ‘हेवी मेटल’ला जो गडद सूर मिळाला, तोच आपल्याकडील अनेक गायकांचा ‘सा’ आहे.

तार उतरवली म्हणजे स्वर श्रोत्यांपर्यंत पोहोचलाच, असे मात्र नाही. भोंग्यातून इतकी मंद आंदोलने बाहेर पडत नाहीत. त्यासाठी मोठे बास स्पीकर हवेत. ते नसतील, तर अगदी मऊ, घुमणारा आवाज ठेवण्याऐवजी मधल्या पट्ट्यातील आवाज थोडा वाढवावा. वरच्या उपस्वरांवरून मूळ स्वर ओळखण्याची क्षमता माणसाच्या कानात असते.

रंगमंचावर प्रत्येक गाण्यागणिक खुंट्या पिळत बसणे शक्य नसते. म्हणून कार्यक्रमाची यादी करताना एका पट्टीची गाणी एकत्र ठेवावीत आणि जुळणी बदलायची ती मध्यंतरात. सलग रात्री गाणाऱ्या गायकाने गळा सांभाळण्यासाठी पट्टी उतरवली, तर त्यात कमीपणा नाही. साथीदारांनी त्याच्यासोबत खाली उतरायला हवे. त्याच्या ‘सा’ला खर्जाचा आधार मिळाला, की उतरलेली पट्टीही भरदार वाटते.