मुरमांसाठी अँटिबायोटिक : किती दिवस, कशाच्या जोडीनं

मुंबईत पाणी तुंबलं की महापालिकेचा आरोग्य विभाग दर पावसाळ्यात लोकांना सांगतो : तुंबलेल्या पाण्यातून चालत आला असाल, तर जवळच्या दवाखान्यात जाऊन लेप्टोची प्रतिबंधक गोळी घ्या. ती गोळी बहुतेकांसाठी डॉक्सिसायक्लिनची असते. सिंधुदुर्गात लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात राबणाऱ्या शेतकऱ्यांनाही आरोग्य कर्मचारी हेच औषध देत आले आहेत. लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस असे जिवावर बेतणारे ताप त्यानं आटोक्यात येतात. आणि हेच औषध पुण्यातल्या एखाद्या कॉलेजातल्या मुलीच्या पर्समध्ये, तोंडावरच्या मुरमांसाठी, कधी कधी सहा-आठ महिने सलग मुक्कामाला असतं.

मुरमांसाठी ते देणं चुकीचं नाही. जगभरचे त्वचारोगतज्ज्ञ देतात आणि योग्य रुग्णाला त्याचा चांगला उपयोग होतो. माझी तक्रार आहे ती आपल्याकडे ते ज्या तऱ्हेनं चालतं, त्याबद्दल. गोळी मुख्य आणि मलम वरवरचं, अशी आपली समजूत आहे. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. मुरमांचा खरा इलाज मलमात आहे. गोळी ही तीन-चार महिन्यांपुरती सोबतीण.

आधी मुरमांकडे नीट पाहू. ‘वय आहे, जातील आपोआप’, ‘लग्न झालं की बघ कसा चेहरा स्वच्छ होतो’ अशी वाक्यं घरोघरी ऐकू येतात. मोठ्या, खोल गाठींच्या मुरमांनी पडलेले खड्डे मात्र आपोआप जात नाहीत. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला आणखी एक भोग असतो : पुटकुळी बसली तरी तिच्या जागी काळा डाग राहतो आणि तो कित्येक महिने हटत नाही. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी, फोटोच्या वेळी बाजूला सरकणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांना ‘एवढं काय त्यात’ म्हणू नये.

त्वचेच्या प्रत्येक रंध्रात केसाचं मूळ आणि त्याला चिकटून तेलाची ग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन गटातली संप्रेरकं वाढतात, ग्रंथी जास्त तेल सोडते आणि त्याच वेळी रंध्राच्या तोंडाशी मृत पेशी साचून बूच बसतं. हे बूच म्हणजे मुरमाची पहिली पायरी. ते उघडं असेल तर काळा ठिपका दिसतो, मिटलेलं असेल तर पांढरट बारीक पुरळ. आत कोंडलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू पोसतात. ते मूळचे परके नाहीत. ज्याला आयुष्यात एकही मुरूम आला नाही त्याच्याही त्वचेवर ते असतात. कोंडमाऱ्यात मात्र त्यांचं फावतं, शरीराची प्रतिकारयंत्रणा खवळते आणि मग लाली, सूज, पू, गाठ हा सगळा प्रकार सुरू होतो.

म्हणजे जिवाणू हा या साखळीतला एक दुवा आहे. अँटिबायोटिक तेवढ्याच दुव्यावर आणि त्यातून उठलेल्या दाहावर काम करतं. बूच त्यानं निघत नाही, तेलही कमी होत नाही. तुंबलेली मोरी साफ न करता नुसतं फिनेल ओतत राहावं, तसं गोळीवर गोळी घेत राहणं होतं. काळे-पांढरे ठिपके एवढाच त्रास असेल तर पोटातून अँटिबायोटिक घेण्याचं कारणच नाही. लालसर, सुजलेले, पू धरलेले मुरूम मध्यम ते तीव्र प्रमाणात असतील, छाती-पाठीवर पसरले असतील, तरच ते विचारात घ्यायचं.

या औषधांची गोष्ट एका शेतातल्या मातीपासून सुरू होते. अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठाच्या सॅनबॉर्न फील्ड या प्रयोगक्षेत्रातून आलेल्या मातीच्या नमुन्यात बेंजामिन डगर या वनस्पतिशास्त्रज्ञाला एक सोनेरी रंगाचा सूक्ष्मजीव सापडला. त्यापासून तयार झालेलं ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन कुळातलं पहिलं औषध १९४८ मध्ये जगासमोर आलं. तेव्हा डगर सत्तरी ओलांडलेले, विद्यापीठातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांना ज्या लेडर्ली कंपनीत हे काम करता आलं, तिच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले. आपल्याकडे त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात ठळकपणे असायला हवं होतं, असं मला फार वाटतं. पुढे याच कुळात १९६७ मध्ये डॉक्सिसायक्लिन बाजारात आलं, त्यानंतर काही वर्षांत मिनोसायक्लिन. मुरमांसाठी टेट्रासायक्लिनचा वापर तर १९५० च्या दशकापासूनच होत आला आहे.

या कुळाचा एक गुण मुरमांसाठी विशेष कामाचा आहे. जिवाणूंच्या पेशीत प्रथिनं तयार होण्याची क्रिया ही औषधं रोखतात, त्यामुळे जिवाणूंची वाढ थांबते. त्याखेरीज ती थेट सूजही उतरवतात; पुवाच्या जागी धाव घेणाऱ्या पांढऱ्या पेशींना आवरतात आणि ऊतींची मोडतोड करणाऱ्या विकरांनाही दाबतात. मुरमांसाठी मोठ्या माणसाला डॉक्सिसायक्लिन साधारणपणे दिवसाला १०० मिलिग्रॅम दिलं जातं. प्रमाण डॉक्टर ठरवतात.

आता मुद्द्याचा प्रश्न : किती दिवस? ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेनं २०२१ मध्ये मुरमांच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. बारा आठवडे घ्या, मग तपासा. फारच अपवादात्मक कारण असल्याशिवाय सहा महिन्यांपुढे नेऊ नका, असं त्यांत स्पष्ट आहे. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणंही हेच : कमीत कमी काळ, आणि एकटं कधीच नाही. जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा ॲडापलीनसारखं रेटिनॉइड मलम हवंच. तोंडातून अँटिबायोटिक आणि वरून क्लिंडामायसिनचं जेल, ही आपल्याकडे सर्रास दिसणारी जोडी तर टाळायलाच हवी. दोन्हीकडून अँटिबायोटिक, आणि बूच जिथल्या तिथे.

दुसऱ्या टोकाला आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून औषध सोडणारे आहेत. मुरूम त्वचेच्या पृष्ठभागावर दिसण्याच्या कितीतरी आधी आत तयार व्हायला लागलेला असतो, त्यामुळे फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. ही गोष्ट डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितली, तर निम्मी निराशा टळेल.

बेंझॉइल पेरॉक्साइडबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण हे साधं औषध फार दुर्लक्षित आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक ब्रिटिश अभ्यास प्रसिद्ध झाला. सौम्य ते मध्यम मुरूम असलेल्या ६४९ जणांना वेगवेगळ्या गटांत पाच प्रकारचे उपचार अठरा आठवडे दिले गेले. नुसतं बेंझॉइल पेरॉक्साइड लावणाऱ्यांचा गुण पोटातून मिनोसायक्लिन किंवा ऑक्सिटेट्रासायक्लिन घेणाऱ्यांच्या तोडीस तोड निघाला, आणि खर्चाच्या मानानं तेच सगळ्यांत परवडणारं ठरलं. ते जिवाणूंना ऑक्सिडीकरणानं मारतं, त्यामुळे जिवाणू त्याला सरावत नाहीत. २.५ टक्क्यांच्या जेलनं सुरुवात केली की चरचर कमी होते. एक मात्र लक्षात ठेवा : हे जेल रंग उडवतं. गडद उशीचा अभ्रा, रंगीत टॉवेल, टी-शर्टची गळपट्टी यांवर पांढरट-नारिंगी चट्टे पडतात आणि ते काही केल्या जात नाहीत. पांढरा अभ्रा घालून झोपावं.

ॲडापलीन रात्री लावायचं. मटाराच्या दाण्याएवढं आणि सगळ्या चेहऱ्यावर पसरून, नुसतं मुरमांवर ठिपके देऊन नव्हे. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते, सालं निघतात, कधी मुरूम वाढल्यासारखेही वाटतात. घाबरून सोडण्यापेक्षा दिवसाआड लावावं, वर साधं मॉइश्चरायझर लावावं. बूच काढण्याचं काम तेच करतं.

गोळी गिळण्याचीही रीत आहे. डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवं झालं, तर ती अन्ननलिकेत अडकून तिथेच विरघळते. ती आम्लधर्मी असल्यामुळे आतल्या अस्तराला जखम होते. मग दुसऱ्या दिवशी छातीच्या मधोमध असं दुखतं की घासच काय, थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी येतं. घरच्यांना वाटतं, हृदयाचं काही आहे. म्हणून मोठा पेलाभर पाणी, पोटात थोडं अन्न, आणि निदान अर्धा तास ताठ बसणं किंवा चालणं. झोपायला जाताना घाईत घ्यायची ही गोळी नाही. लोहाच्या, कॅल्शियमच्या आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांमुळे ती नीट शोषली जात नाही. दोहोंत दोन-तीन तासांचं अंतर हवं. रक्त वाढावं म्हणून आयर्न घेणाऱ्या आपल्या मुली पुष्कळ, आणि दोन्ही गोळ्या एकाच डबीतून एकाच वेळी घेतल्या जातात. दुधाबरोबरही घेऊ नये.

ऊन हा दुसरा त्रास. या औषधावर असताना त्वचा उन्हानं लवकर भाजते. मे महिन्यात स्कूटर चालवणाऱ्याचं नाक आणि हँडलवरच्या हातांची पाठ लाल होऊन हुळहुळते. सनस्क्रीन, पूर्ण बाह्या, स्कार्फ यांची तयारी आधीच हवी. काही स्त्रियांना योनिमार्गात बुरशीचा संसर्ग होतो. लाजून गप्प बसण्यात अर्थ नाही. डोकं सतत दुखू लागलं, डोळ्यांसमोर अंधुक दिसू लागलं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गरोदरपणात आणि आठ वर्षांखालच्या मुलांना मुरमांसाठी हे कूळ द्यायचं नाही, कारण वाढत्या दातांवर त्याचे कायमचे डाग पडतात. मिनोसायक्लिननं कधी कधी त्वचेवर निळसर-करडी झाक येते आणि क्वचित यकृताचे किंवा ल्युपससारखे गंभीर त्रासही होतात. तेव्हा डॉक्सिसायक्लिननं भागत असेल तर मिनोसायक्लिन कशाला?

आपल्याकडे मुरमांसाठी अझिथ्रोमायसिनही बरंच चालतं. आठवड्यातून तीन दिवस ५०० मिलिग्रॅम, अशा पद्धतीनं. गरोदर स्त्रीला किंवा टेट्रासायक्लिन न सोसणाऱ्याला त्याचा आधार असू शकतो. सरसकट सगळ्यांना ते देणं मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं अँटिबायोटिक्सचे गट केले आहेत, त्यांत डॉक्सिसायक्लिन नेहमीच्या वापराच्या गटात आहे आणि अझिथ्रोमायसिन जपून वापरण्याच्या. विषमज्वरावर आज ज्या मोजक्या गोळ्या चालतात, त्यांतली ही एक. ती शरीरात फार दिवस अल्प प्रमाणात रेंगाळते आणि जिवाणूंना तिच्याशी जुळवून घ्यायला वेळ मिळतो.

मुरमांच्या जिवाणूंमध्ये एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिनला दाद न देणारे प्रकार अमेरिकेत १९७९ मध्येच नोंदले गेले. ते हातातोंडाच्या स्पर्शानं घरातल्या इतरांच्या त्वचेवरही जातात. शिवाय पोटातून घेतलेलं औषध चेहऱ्यापुरतं राहत नाही. आतडं, घसा, नाक इथल्या सगळ्या जिवाणूंशी त्याची गाठ पडते. मुरमांसाठी दीर्घकाळ अँटिबायोटिक घेणाऱ्यांमध्ये सर्दी-घशाच्या संसर्गाचं प्रमाण दुपटीहून जास्त आढळल्याचं २००५ च्या एका अभ्यासात दिसलं. कारण तेच, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करावं असंही ते नाही. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२.७ लाख माणसं दगावली, असा ‘लॅन्सेट’मधला अंदाज आहे. मुरमांचा तरुण रुग्ण एरवी धडधाकट असतो आणि महिनोन्‌महिने औषध घेतो. म्हणून त्याच्या चिठ्ठीवरच्या तारखेला महत्त्व आहे.

गोळीनं गुण येत नाही, तेव्हा आधी निदान तपासावं. कपाळ, छाती, पाठ इथे एकसारखे बारीक, खाजणारे फोड असतील तर तो बहुधा मॅलासेझिया या बुरशीचा प्रकार असतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत तो पुष्कळ आढळतो आणि अँटिबायोटिकनं आणखी बळावतो. दुसरा संशयित म्हणजे मेडिकलमधून मागून आणलेलं स्टेरॉइडचं मलम. बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असलेलं मलम चार दिवस चेहरा तुकतुकीत करतं, मग तेच मुरूम उठवतं, त्वचा पातळ करतं, आणि सोडलं की चेहरा आगीसारखा होतो. २०१८ पासून अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला कायद्यानं मनाई आहे. तरी ती मिळतात, शेजारीण सुचवते, आणि बाराशे रुपयांच्या फेशियलनंतर पार्लरमध्येही हातात ठेवली जातात. याचा मला खरोखर संताप येतो.

हनुवटी आणि जबड्याच्या कडेनं दर महिन्याला मुरूम येत असतील, पाळी अनियमित असेल, तर पीसीओडीची तपासणी करावी. अशा स्त्रियांना संप्रेरकांच्या गोळ्या किंवा स्पायरोनोलॅक्टोन जास्त उपयोगी पडतं. ४१० स्त्रियांवरच्या ब्रिटिश चाचणीत त्याचा गुण दिसला, ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. खड्डे पाडणाऱ्या गाठी असतील तर आयसोट्रेटिनॉइन हाच ठोस उपाय. तेल, बूच, दाह या सगळ्यांवर ते काम करतं. मात्र गर्भात गंभीर व्यंग निर्माण करत असल्यानं ते घेताना आणि बंद केल्यावर निदान महिनाभर गर्भ राहता कामा नये. डॉक्सिसायक्लिनबरोबर ते कधीही घ्यायचं नाही. मेंदूभोवतीचा दाब वाढण्याचा धोका असतो.

दिवाळीच्या दिवसांसाठी दोन गोष्टी. सुजलेल्या मुरमांवर उटणं रगडू नये, जायफळ उगाळून लावू नये. उटणं अंगाला खुशाल लावावं, चेहरा सौम्य साबणानं धुवावा. आणि फराळातल्या चकली-शेवेला दोष देण्यापेक्षा साखरेवर संशय घ्यायला जास्त आधार आहे.

बारा आठवडे झाले, चेहरा निवळला, गोळी बंद. मलम चालूच ठेवायचं, निदान काही महिने तरी. ते सोडलं की मुरूम परत येतात आणि मग लोक पुन्हा जुनी चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जातात. पट्टीत उरलेल्या कॅप्सूल धाकट्या भावासाठी कपाटात ठेवू नयेत. मुदत संपलेल्या, दमट जागेत खराब झालेल्या टेट्रासायक्लिननं मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणं १९६० च्या दशकापासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. भावाच्या मुरमांना गोळी लागेल की नुसतं जेल पुरेल, हे त्याचा चेहरा पाहूनच ठरवता येईल.