डोनटचे गुणपत्रक

महाडच्या एस.टी. स्थानकातून बाहेर पडून गावात शिरताना बेकरीची काचेची कपाटे आपल्या नजरेस पडतात. खारी, टोस्ट, नानकटाई ही जुनी मंडळी तेथे अजूनही आहेत. परंतु वरच्या फळीवर आता चॉकलेटचा मुलामा दिलेले गोल डोनट येऊन बसले आहेत. पोलादपूरच्या नाक्यावरही ते मिळतात. 'हा तरुणांचा खाऊ, आपला काय संबंध?' असे आपणास वाटेल. माझ्या दवाखान्यातील अनुभव निराळा आहे. दात गेलेल्या माणसाला खारी टोचते, लाडू फुटत नाही. डोनट मात्र विनासायास खाता येतो. म्हणूनच आपल्या वयाची मंडळी त्याची गुपचूप गिऱ्हाइके झाली आहेत.

या गुपचूपपणाची किंमत मला एका आजोबांनी शिकविली. पोलादपूर तालुक्यातील एका वाडीवरून ते सकाळच्या गाडीने तपासणीस येत. सलग दोनदा त्यांची उपाशीपोटीची साखर बरीच वाढलेली आढळली. "चहाखेरीज काही घेतले नाही," असे ते म्हणाले, मी विश्वास ठेवला आणि गोळीची मात्रा वाढविली. पुढच्याच आठवड्यात पहाटे सूनबाईंचा दूरध्वनी आला. आजोबांना दरदरून घाम फुटला होता आणि ते असंबद्ध बोलत होते. घरच्या यंत्रावर साखर ४८ दिसत होती. शुद्ध होती, म्हणून साखरपाणी पाजता आले आणि ते सावरले.

उलगडा नंतर झाला. गाडीतून उतरल्यावर ते आधी बेकरीत जात आणि मग माझ्याकडे येत. "घरी खाल्लं की सूनबाई रागावते, डॉक्टर," ते खाली मान घालून म्हणाले. चूक त्यांची एकट्याची नव्हती. तीन महिन्यांची सरासरी साखर न पाहता मी औषध वाढविले, हा माझाही दोष होता. मी मात्रा पूर्ववत केली आणि त्यानंतरचे दोन रविवार महाड व पोलादपूर येथील सहा दुकाने पालथी घातली. एकूण १० गुण ठरविले. दुकानांची नावे येथे देत नाही, कारण कढईतले तेल रोज बदलते किंवा बदलत नाही. मोजपट्टी मात्र आपल्या हाती देतो.

तेल : ३ गुण. तेच तेल वारंवार तापविले की ते काळपट व दाट होते, त्याला खवट वास येतो. तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेल्यास ते तेल वापरू नये, असा अन्नसुरक्षेचा नियम २०१८ पासून आहे. १ जानेवारी २०२२ पासून खाद्यपदार्थातील कारखानी ट्रान्स फॅट एकूण स्निग्धांशाच्या २ टक्क्यांच्या आत असणे बंधनकारक आहे. हे आपण जिभेने मोजू शकत नाही. पण खवट वास आला, तर तो डोनट परत करावा.

आकार : ३ गुण. सुमारे ६० ग्रॅमच्या साध्या, साखर लावलेल्या डोनटमध्ये साधारण २५० उष्मांक असतात. म्हणजे दोन-तीन पोळ्यांइतके. आत क्रीम भरले की हिशेब आणखी वाढतो. म्हणून लहान व साध्या डोनटला अधिक गुण.

ताजेपणा : २ गुण. 'केव्हा तळला?' असे विचारावे. क्रीम भरलेला डोनट शीतकपाटाबाहेर ठेवला असेल, तर कोकणच्या दमट हवेत तो टाळावा. वर्तमानपत्रात बांधून दिला, तर तेथे एक गुण कापावा. छपाईची शाई अन्नात उतरते.

मऊपणा : २ गुण. कवळी असणाऱ्यांना मऊ पदार्थ सोयीचा. परंतु पक्षाघात किंवा कंपवातामुळे गिळण्यास त्रास होत असेल, तर असा चिकट गोळा घशात अडकू शकतो. अशा रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्याविना तो खाऊ नये.

पूर्ण १० गुण कोणालाही मिळाले नाहीत. महाडमधील एका झगमगीत दुकानाला ३ मिळाले. तेथील डोनट तळहाताएवढे, क्रीमने ओथंबलेले आणि आदल्या दिवशीचे होते. सर्वाधिक ७ गुण पोलादपूरच्या एका लहानशा दुकानाने मिळविले. तेथे सकाळी मोजकेच साधे डोनट तळतात आणि दुपारपर्यंत संपवितात.

तळलेला गोड पदार्थ आपल्या कोकणास नवा नाही. भोपळ्याचे घारगे आपण लहानपणापासून खात आलो. फरक इतकाच, की घारगे प्रसंगाने होत आणि घरच्यांत वाटले जात. डोनट रोज मिळतो आणि एकट्याने खाल्ला जातो. म्हणून मधुमेह असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलून प्रमाण ठरवावे. खाल्लाच, तर अर्धा, इतरांसमवेत, जेवणातील भात-पोळी थोडी कमी करून. मात्र त्याच्या भरपाईसाठी जेवण टाळणे किंवा मनाने जास्तीची गोळी घेणे धोक्याचे आहे.

साखर ७० च्या खाली उतरली, घाम आला, हातपाय थरथरले, तर डोनट भरवू नका. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरण्यास वेळ लागतो. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता त्वरित रुग्णालय गाठावे.

काळजी घेणाऱ्या मुलांना व सुनांना एवढेच सांगेन, की बंदी घातल्याने खाणे थांबतेच असे नाही. पुष्कळदा ते फक्त लपते, आणि लपलेल्या घासावर दिलेले औषध चुकते.

ते आजोबा आजही येतात. प्रथम रक्त देतात, नाश्ता करतात, बेकरीतून पुडा घेतात आणि जाताना तो माझ्या टेबलावर उघडून दाखवितात. "अर्धा माझा, अर्धा सूनबाईचा," म्हणतात. आपणही पुढच्या तपासणीच्या वेळी वाटेत काय खाल्ले, ते डॉक्टरांना आधी सांगा.