खोलीतल्या माणसाला चिनी येतं का?

चिनीचं एक अक्षर न येणारा माणूस बंद खोलीत बसला आहे. फटीतून चिनी चिठ्ठ्या आत येतात. कोणत्या खुणांना उत्तर म्हणून कोणत्या खुणा लिहायच्या, याचं जाडजूड पुस्तक त्याच्याजवळ आहे. बाहेरच्यांना वाटतं, आत कुणी चिनी जाणकार बसलाय. तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० साली हा दाखला देऊन म्हटलं, संगणक एवढंच करतो. चिन्हं हलवतो, अर्थाचा त्याला पत्ता नसतो.

चॅटजीपीटीवर वाद निघाला की आजही हीच खोली पुढे केली जाते. मला ती आता अपुरी वाटते. आजच्या मॉडेलना असं तयार पुस्तक कुणी देत नाही. पुढचा शब्द ओळखता ओळखता ती स्वतःच आत काहीतरी रचत जातात. काय रचतात, याची झलक ऑथेलोच्या प्रयोगात दिसली. आठ बाय आठ घरांच्या पटावरचा हा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ. अमेरिकी संशोधकांनी एका छोट्या मॉडेलला फक्त खेळींच्या याद्या दिल्या. पट दाखवला नाही, नियमही सांगितले नाहीत. तरी कुठल्या घरात कोणाची सोंगटी आहे, याचा हिशेब त्याच्या आत तयार झालेला आढळला. त्या हिशेबातली एक सोंगटी संशोधकांनी उलटवली, तशा मॉडेलच्या खेळीही बदलल्या. याला समज म्हणा किंवा म्हणू नका, पोपटपंची म्हणणं कठीण आहे.

जाणिवेचं मात्र निराळं. दाढदुखीवर पानभर लिहिणाऱ्याला ती कळ आली असेलच असं नाही. आणि यंत्रालाच विचारून उपयोग नाही. २०२२ मध्ये गूगलच्या लॅम्डा या संवादी मॉडेलने आपल्याला बंद होण्याची भीती वाटते असं सांगितलं, आणि ब्लेक लेमॉइन या अभियंत्याचा त्यावर विश्वास बसला. पण मरणाच्या भयावर माणसांनी लिहिलेलं अमाप लेखन ज्याने पचवलंय, त्याने अशी साक्ष दिली नसती तरच नवल! उलट शिकवलं, तर तेच यंत्र ‘मी निव्वळ प्रोग्राम’ असंही तितक्याच सफाईने सांगेल. त्या नकाराचीही किंमत तेवढीच.

‘यंत्राला जाणीव नाही’ असं छातीठोकपणे म्हणणाऱ्यांपाशीही मोजपट्टी नाही. मेंदूतज्ज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी १९९८ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली होती, की माणसाच्या मेंदूतली जाणिवेची खूण पंचवीस वर्षांत सापडेल. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला कॉख यांनी हार मान्य केली आणि वाइनच्या बाटल्या चाल्मर्स यांच्या हवाली केल्या.