चित्रातल्या शाळेत आपले मूल कुठे बसते?

लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकातली शाळा बहुधा एकाच साच्याची असते. कौलारू इमारत, पुढे झेंडा, फुलझाडे, हसऱ्या बाई आणि नवे कोरे दप्तर पाठीला लावून निघालेले मूल. त्याला निरोप द्यायला आई दारात उभी असते. वडील खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत असतात. चित्र काही वाईट नाही. पण ज्या घरातली आई पहाटेच कामावर गेलेली असते आणि वडील रात्रपाळी करून नुकतेच आडवे झालेले असतात, त्या घरातले मूल हे चित्र पाहते तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल? शाळा ही त्या दुसऱ्या मुलांची. आपण तिथे पाहुणे. हे त्याला कोणी तोंडाने सांगत नाही. चित्रच सांगते.

याउलट काही पुस्तके अशी आहेत की, त्यांतली शाळा दाराबाहेर ताटकळणाऱ्या मुलाच्या जागेवरून काढलेली आहे. अशी चार पुस्तके आपल्या वाचक बंधू-भगिनींसमोर ठेवावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गोणपाटाचा तुकडा

दिनांक 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. 2017 पासून महाराष्ट्रात हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. साताऱ्यातल्या त्या काळाची हकीकत बाबासाहेबांनी स्वतः इंग्रजीत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने लिहून ठेवली होती. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती 1990 मध्ये पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केली. वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसायचे, तेही गोणपाटाच्या तुकड्यावर. तो तुकडा शाळेचा गडीसुद्धा हाताने उचलणार नाही, म्हणून रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसला तर पाणी नाही.

ही कथा चित्रांतून सांगण्याचे काम पूर्वीही झाले आहे. 'अमर चित्र कथा' मालेत 1979 साली बाबासाहेबांवर पुस्तक निघाले. त्याचा मजकूर एस. एस. रेगे यांचा आणि चित्रे दिलीप कदम यांची होती. पण 2011 मध्ये दिल्लीच्या 'नवयान' प्रकाशनाने काढलेले 'भीमायन' हे पुस्तक वेगळ्या वाटेने जाते. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातील परधान गोंड दांपत्याची. पाणी, निवारा आणि प्रवास असे त्याचे तीन भाग आहेत.

नेहमीच्या चित्रकथेत पानावर चौकोन आखतात आणि माणसे त्या चौकोनांत बसवतात. व्याम दांपत्याने चौकोन आखायचे नाकारले. माणसाला डब्यात कोंडायचे नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या समाजात घराच्या भिंतीवर आणि जमिनीवर जी दिगण्याची नक्षी काढतात, तिच्या रेघांनी त्यांनी पाने विभागली. बोलणे दाखवण्याची तऱ्हाही त्यांचीच. मायेचे बोल पक्ष्याच्या आकारात येतात. जातीचे विष असलेल्या बोलांना मात्र विंचवाची नांगी असते. महाडच्या सत्याग्रहाच्या प्रसंगी बाबासाहेब बोलत असताना कर्ण्यांतून जणू पाण्याच्या धारा सुटतात.

अक्षरओळख नसलेल्या लेकरालाही नांगी कळते. ज्या आजीला वाचता येत नाही, तिलाही ती कळते. किंबहुना तिला अधिक कळते. पुस्तक तिच्या मांडीवर द्यावे आणि नातवंडाने विचारावे, "आजी, इथे विंचू का काढलाय?" पुढचा मजकूर आजीच सांगेल, आणि तो कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. आणखी एक गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. गरिबीमुळे दुर्गाबाईंना कधी शाळेत जाता आले नाही. बाबासाहेबांची शाळा रेखाटणाऱ्या या बाईंना 2022 मध्ये 'पद्मश्री' मिळाली.

सहा वर्षांची रुबी

अमेरिकेतील काळ्या लोकांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. 1946 साली बाबासाहेबांनी तेथील थोर विद्वान डॉ. डुबॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला होता, आणि 1972 मध्ये आपल्याकडच्या तरुणांनी 'दलित पँथर' हे नाव घेतले तेही तिकडच्या 'ब्लॅक पँथर'वरून. त्या समाजाच्या मुलांनी शाळेचे दार कसे उघडले, हे आपल्या मुलांना माहीत असलेच पाहिजे.

14 नोव्हेंबर 1960. न्यू ऑर्लिन्स शहरातील विल्यम फ्रँट्झ शाळा तोवर फक्त गोऱ्या मुलांची होती. न्यायालयाच्या आदेशाने रुबी ब्रिजेस ही सहा वर्षांची काळी मुलगी तिथे गेली. दाराशी शिव्या देणारा जमाव होता, म्हणून तिच्या पुढे-मागे सरकारी मार्शल चालत होते. गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून नेली. बार्बरा हेन्री या एकट्या शिक्षिका तिला शिकवायला तयार झाल्या, आणि वर्षभर त्या वर्गात एक बाई आणि एकच विद्यार्थिनी होती. घरालाही किंमत मोजावी लागली. वडिलांची नोकरी गेली. दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करणाऱ्या आजी-आजोबांना ती जमीन सोडावी लागली.

याच काळात रुबीला भेटत राहिलेले मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट कोल्स यांनी 1995 मध्ये तिची गोष्ट लहान मुलांसाठी लिहिली; चित्रे जॉर्ज फोर्ड यांची. त्याआधी 1964 मध्ये नॉर्मन रॉकवेल या चित्रकाराने हा प्रसंग रंगवला होता. त्या चित्रात मार्शलांचे फक्त धड दिसते, डोकी चौकटीबाहेर राहतात. पूर्ण दिसते ती पांढऱ्या फ्रॉकमधली, हातात वही-पट्टी घेतलेली रुबी. चित्राची उंची एका मुलीच्या उंचीवरून ठरवलेली आहे.

मोयनाचे "का?"

तिसरे पुस्तक महाश्वेतादेवींचे, 'द व्हाय-व्हाय गर्ल'. चेन्नईच्या 'तूलिका' प्रकाशनाने ते 2003 मध्ये काढले; चित्रे कन्यिका किणी यांची. बंगालमधील शबर जमातीची मोयना बाबूंच्या शेळ्या राखते आणि ज्याला त्याला "का?" विचारत सुटते. बाबूंचे उरलेसुरले मी का खाऊ? नदी इतकी लांब का? शाळेत जायचे ठरते तेव्हाही तिचा प्रश्न तयार असतो. सकाळी मला शेळ्या चारायच्या असतात, तर शाळेची वेळ का बदलत नाही?

या प्रश्नावर पालकांनी थोडे थांबावे. आपल्याकडे मूल शाळेतून गळाले की लोक म्हणतात, त्याला अभ्यासात गोडी नव्हती. धाकट्या भावाला कोण सांभाळत होते, पाण्याच्या रांगेत कोण उभे होते, हे कोणी विचारत नाही. मोयनाची चूक नाही, वेळापत्रकाची आहे, असे हे पुस्तक सरळ सांगते. पुढे मोयना स्वतःच शिक्षिका होते.

दार उघडले, पुढे काय?

आज दार उघडे आहे. तरीही दुखणे संपलेले नाही. जेरी क्राफ्ट यांची 'न्यू किड' ही 2019 मधली चित्रकादंबरी याच दुखण्यावर आहे. जॉर्डन हा सातवीतला काळा मुलगा मोठ्या खाजगी शाळेत जातो. तिथे त्याला कोणी मारत नाही, हाकलत नाही. पण शिक्षक काळ्या मुलांना एकमेकांच्या नावाने हाका मारतात. जॉर्डन हे सारे आपल्या वहीत चित्रे काढून टिपत राहतो. 2020 साली या पुस्तकाला अमेरिकेचे 'न्यूबेरी पदक' मिळाले. चित्रकादंबरीला मिळालेले ते पहिलेच. 2021 मध्ये टेक्सासमधील एका भागात काही पालकांच्या तक्रारीवरून ते शाळांतून काढण्यात आले आणि नंतर परत ठेवण्यात आले.

"स्कॉलरशिपवाल्यांनी उभे राहा" हे वाक्य भर वर्गात ऐकलेल्या आपल्या मुलाला जॉर्डनची वही लगेच समजेल. ते मूल घरी येऊन गप्प बसते, कारण कमीपणा आपल्यातच आहे असे त्याला वाटू लागते. आपल्यासारखेच दुसऱ्या कुणाला सोसावे लागले आणि त्याने ते कागदावर उतरवले, हे दिसले की मूल बोलू लागते. चित्रांच्या पुस्तकाचा खरा उपयोग हा आहे.

हिशोब

आम्ही कारकून माणसे, हिशोबाशिवाय बोलणे पुरे होत नाही. ही पुस्तके एकट्या कुटुंबाला महाग पडतील. पण वस्तीतल्या दहा घरांनी महिना 20 रुपये काढले, तर वर्षाचे 2,400 रुपये होतात. तेवढ्यात विहारातल्या कपाटाचा एक कप्पा सुरू होतो. इंग्रजी पुस्तक असेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी रविवारी ते मुलांपुढे धरून मराठीत सांगावे. शिवाय 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी चित्रपुस्तके आणि बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक मोबाईलवर फुकट वाचता येतात.

पुस्तक निवडताना तीन प्रश्न विचारावेत. यातल्या शाळेत आपल्यासारखे घर दिसते का? गरीब मूल फक्त दयेसाठी आहे, की ते स्वतः काही करते? आणि पुस्तक मिटल्यावर मूल काही विचारते का?

येत्या 7 नोव्हेंबरला प्रतिमेला हार घालू तेव्हा शेजारच्या टेबलावर यांतले एक तरी पुस्तक उघडे ठेवावे. मुलांचे हात लागून त्याची पाने मळली, तर पैसे वसूल झाले असे समजावे.